मीटरपासून अंगणापर्यंत : घरी गाडी चार्ज करण्याचा इतिहास



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, की हा इतिहासाच्या व्याख्यानात कसा काय आला? घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवणं हे तर वायरमनचं काम. बरोबर आहे. पण वायरमन घरी आला की तो आधी गाडीकडे बघत नाही. तो मीटरकडे जातो. मंजूर लोड किती आहे, विचारतो. अर्थिंग कुठे आहे, ते शोधतो. मग मीटरपासून गाडी उभी राहते तिथपर्यंत वायर किती लागेल, ते पावलांनी मोजतो. मंजूर लोड, अर्थिंग आणि मीटरपुढची वायर, या तिन्ही गोष्टी तुमच्या गाडीपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. त्यांना स्वतःचा इतिहास आहे, आणि गाडी घरी चार्ज होणार की नाही हे बहुतेक वेळा तोच इतिहास ठरवतो.

आज आपण हे मनोरीच्या निमित्ताने बघू. मनोरी म्हणजे मुंबई उपनगराचं पश्चिमेकडचं टोक. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून समोर दिसतं. होडीने गेलात तर काही मिनिटं, गाडीने जायचं तर भाईंदरवरून उत्तन-गोराईचा सगळा वळसा. कोळीवाडा, ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती, गावठाणातल्या अरुंद गल्ल्या, मागे वाड्या आणि समोर समुद्र. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा मनोरी-गोराई शहराच्या नकाशात आली. नकाशात शहर, पण पाण्याने शहरापासून तोडलेली. अशा गावातून बघितलं की विजेचा इतिहास जरा स्पष्ट दिसतो, कारण तार जिथे संपते तिथेच ती किती भार सोसते हे कळतं.

सुरुवात एका गमतीच्या गोष्टीने करू. मुंबईत विजेवर चालणारं वाहन नवं नाही. सामान्य माणसाच्या घरात दिवा लागण्याच्या आधी तो विजेच्या ट्राममध्ये बसला होता.

सनावळी बघा. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. पुढे पालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला, पण कंपनी लवकरच बुडाली आणि मार्केट परत गॅसच्या दिव्यांवर आलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजे आपली आजची बेस्ट. १९०५ मध्ये वाडी बंदरला तिचं वीजघर सुरू झालं आणि ७ मे १९०७ ला विजेची पहिली ट्राम धावली. कंपनीच्या नावातच बघा, वीजपुरवठा आणि ट्राम दोन्ही एकत्र आहेत. हा योगायोग नव्हता. वीजघर उभारायला प्रचंड पैसा लागतो, आणि संध्याकाळी चार तास दिवे लावून तो वसूल होत नाही. दिवसभर वीज घेणारं मोठं गिऱ्हाईक हवं. ते गिऱ्हाईक म्हणजे ट्राम.

पुढे रेल्वे आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, ती देशातली पहिली. १९२८ मध्ये पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत विजेची लोकल गेली. १९६२ ला मुंबईत ट्रॉलीबस आली, ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणजे तार, रूळ, बस सगळे प्रयोग या शहराने केले. पण या सगळ्या वाहनांत एक गोष्ट समान होती. वीज त्यांना वाटेतच मिळायची, डोक्यावरच्या तारेतून. प्रवाशाने तिकीट काढायचं आणि बसायचं. गाडीला वीज कुठून येते, ती किती लागते, तार जळली तर कोण बघणार, हे सगळं कंपनीचं. आज पहिल्यांदाच वाहन रात्री आपल्या घरी येतं आणि आपल्या मीटरमधून वीज मागतं. जी चिंता शंभर वर्षं कंपनीची होती, ती आता घरमालकाच्या दारात आली आहे.

घरी चार्ज होणारी गाडी मात्र तेव्हाही जगात होती. त्यासाठी थोडं अमेरिकेत जाऊ. १९०० साली अमेरिकेत ज्या मोटारी बनल्या, त्यातल्या बऱ्याच विजेच्या होत्या. धूर नाही, आवाज नाही, पुढे जाऊन हँडल मारायला नको. हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक गाडी चालवायच्या. मग ही गाडी मागे का पडली? नेहमीचं उत्तर असं, की पेट्रोल स्वस्त झालं, फोर्डची मॉडेल टी आली, १९१२ ला कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला. हे सगळं खरं आहे. पण एक कारण घरात दडलेलं होतं.

बॅटरीला लागतो एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी. घरोघरी जी वीज पोहोचत होती ती हळूहळू उलटसुलट प्रवाहाची, म्हणजे एसी होत चालली होती. तेव्हा घरच्या गॅरेजमध्ये एसीचं डीसी करणारं यंत्र ठेवावं लागे. पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर काढला. काचेचा मोठा फुगा, त्यात पारा, चालू झाला की निळसर प्रकाश. दिसायला झकास, पण ते यंत्र महाग आणि ते सांभाळणं श्रीमंताचं काम. आणि शहराबाहेर गेलात तर तीही सोय नाही. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी नऊ शेतघरांत वीजच नव्हती. पेट्रोलचा डबा दुकानात मिळत होता, वीज डब्यात मिळत नव्हती. त्या गाडीची बॅटरी कमी पडली हे खरंच, पण घरापर्यंतची तारही कमी पडली.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यावरून बरेच गैरसमज होतात. आज आपण भिंतीवर जो डबा लावतो, त्याला चार्जर म्हणतो. खरं तर एसीचं डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या आतच असतो. ह्युइट यांचा तो काचेचा फुगा आता गाडीत जाऊन बसलाय म्हणा ना. भिंतीवरचा डबा काय करतो? तो एक शहाणा स्विच आहे. वायर गाडीला लावली की आधी तो अर्थिंग जोडलेलं आहे का बघतो, गाडीला जास्तीत जास्त किती अँपिअर घेता येतील ते तिला कळवतो, आणि सगळं ठीक असेल तरच आतला संपर्क जोडतो. गाडी काढली की वायरमध्ये वीज नाही. म्हणून साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर गाडी चार्ज होत असली, तरी लोक डब्याचे पैसे देतात. ते पैसे वेगासाठी आहेत तसेच सुरक्षेसाठी आहेत.

आता आपण उपनगरात येऊ. बेस्टची हद्द शहरापुरती होती. उपनगरांसाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. जुनी माणसं आजही बीएसईएस म्हणतात. मधल्या काळात ती रिलायन्सकडे गेली, २०१८ मध्ये अदानींकडे आली, बिलावरचं नाव बदललं. पण अंधेरी-बोरिवलीच्या कुठल्याही चाळीत विचारा, "बीएसईएसचा माणूस आला होता" हेच ऐकू येईल.

कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातली रेष मात्र त्याआधीच आखली जात होती. १९१० चा भारतीय वीज कायदा आणि पुढे १९५६ चे नियम यांनी ती पक्की केली. मीटरपर्यंतचं सगळं कंपनीचं: खांब, केबल, कटआउट, मीटर. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं: वायर, बोर्ड, बटणं. आणि ते काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. ही रेष आपण रोज ओलांडतो, पण ती आपल्याला दिसत नाही. दिवा गेला की प्रश्न पडतो, "आपलाच गेला की सगळ्यांचा?" आपलाच गेला असेल तर वायरमन, सगळ्यांचा गेला असेल तर कंपनी. गाडीचा चार्जर बरोब्बर या रेषेवर उभा राहतो, आणि म्हणून त्याच्याबद्दल वाद होतात.

घराच्या आत तरी भार कसा वाढत गेला, ते बघा. सुरुवातीला वीज म्हणजे उजेड. एका खोलीत एक दिवा, त्याला ५ अँपिअरचं बटणसुद्धा भरपूर. मग पंखा आला. मग इस्त्री, शेगडी, गीझर. इथे पहिली अडचण झाली, कारण तापणाऱ्या उपकरणांना जास्त वीज लागते. त्यासाठी जाड वायर आणि तीन पिनांचा मोठा १५ अँपिअरचा पॉइंट आला. आपण त्याला आजही पॉवर पॉइंट म्हणतो. देशात बऱ्याच ठिकाणी दिवे-पंख्यांचा दर वेगळा आणि पॉवरचा दर वेगळा असायचा, त्यासाठी घरात दोन वेगळ्या वायरिंग आणि दोन वेगळे मीटर लागायचे. पुढे दोन्ही एक झाले. मग फ्रीज, मग एसी. प्रत्येक वेळी तेच घडलं: आधी जुन्या पॉइंटवर नवं यंत्र लावून बघितलं, फ्यूज उडाला, पिन काळी पडली, मग वायर बदलली, मग मंजूर भार वाढवून घेतला. आज गाडीसाठी वेगळा मीटर घ्यायचा का, अशी चर्चा चालते, तेव्हा आपण काही नवीन बोलत नसतो. दिवे-पंखे आणि पॉवर यांच्यातली जुनीच वाटणी परत मांडत असतो.

फरक आहे तो आकड्यांत. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो, आणि खोली थंड झाली की थांबतो. १५ अँपिअरच्या पॉइंटवर गाडी घेते सुमारे ३.३ किलोवॅट, तेही न थांबता. ३० युनिटांची बॅटरी रिकामी असेल तर नऊ तास. भिंतीवर ३२ अँपिअरचा डबा लावला तर ७.४ किलोवॅटपर्यंत, म्हणजे चार-पाच एसी एकदम, तेही सलग काही तास. इस्त्री दहा मिनिटं तापते, वायर थोडी गरम होते आणि निवते. गाडी रात्रभर ओढत राहते. जुना, ढिला झालेला पॉइंट इस्त्रीला वीस वर्षं पुरला असेल, तोच गाडीला एका महिन्यात वितळू शकतो. म्हणून जाणकार वायरमन सांगतो, की गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर ओढा, तिला स्वतःचा एमसीबी द्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. त्याच्या बोलण्यामागे नियम आहेत. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षेच्या नियमांत वाहन चार्जिंगचं वेगळं प्रकरण घातलं. त्यात हा ३० मिलिअँपिअरचा निकष आहे, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा असं आहे, आणि मधे एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही असंही आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली सोडलेल्या वायरी आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत. त्या नेमक्या याच नियमात बसत नाहीत.

आता जरा मागे वळून विचारू, की ही वीज येते कुठून? कारण गाडीतून धूर निघत नाही म्हणून प्रश्न मिटत नाही. मुंबईची वीज आली सह्याद्रीच्या पाण्यातून. १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, ते मुख्यतः गिरण्यांसाठी. मग मुळशी. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. मावळातली गावं, भाताची खाचरं धरणात जाणार होती, आणि सेनापती बापटांनी तो लढा शेवटपर्यंत चालवला, तुरुंग सोसला. धरण झालंच. त्या पाण्यावर भिऱ्याचं वीजघर चाललं आणि मुंबई उजळली. पुढे १९५६ मध्ये तुर्भ्याचं औष्णिक केंद्र आलं. बीएसईएस बराच काळ टाटांकडूनच वीज घ्यायची. मग तिने स्वतःचं केंद्र उभारलं डहाणूला, २५० मेगावॅटचे दोन संच, १९९५ मध्ये, कोळशावरचे. चिकूच्या वाड्या आणि खाडी यांच्यात औष्णिक केंद्र नको, म्हणून डहाणूच्या लोकांनी सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घेतली होती.

हे मी गाडी घेऊ नका म्हणून सांगत नाही. पेट्रोलचा धूर गावच्या गल्लीत, लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर सुटतो, तो थांबतो हे मोठं काम आहे. सांगायचं ते एवढंच, की मीटरवरची रेष फक्त कंपनी आणि आपल्यामधली नाही. त्या रेषेच्या पलीकडे मुळशीचे शेतकरी आहेत, डहाणूचे बागायतदार आहेत. आपल्या अंगणात आलेल्या युनिटासाठी कुणाचं तरी अंगण गेलेलं असतं. म्हणून किती वीज घ्यायची, आणि कोणत्या वेळी घ्यायची, हा निव्वळ बिलाचा प्रश्न राहत नाही.

आता आपल्याकडच्या घरगुती चार्जिंगकडे येऊ. २००१ मध्ये बंगळूरहून रेवा आली. छोटी, दोन मोठी माणसं आणि मागे दोन मुलं मावतील अशी. ती चार्ज व्हायची घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर. म्हणजे गीझरचा पॉइंट तिला चालायचा. कायद्यात या गाडीसाठी काहीच तरतूद नव्हती आणि कुणाला ती हवीही नव्हती, कारण गाड्याच मोजक्या होत्या. २०२० च्या आसपास चित्र बदललं. त्याच वर्षी बजाजने चेतक हे जुनं नाव विजेच्या स्कूटरला दिलं आणि टाटांची नेक्सॉन विजेवर आली. एकाएकी सोसायट्यांच्या सभेत चार्जर हा विषय कार्यपत्रिकेवर आला.

सरकारने त्याआधी एक गाठ सोडवली होती. वीज विकायला परवाना लागतो. मग दुसऱ्याच्या गाडीला चार्जिंग देणं म्हणजे वीज विकणं झालं का? एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं, की नाही, ती सेवा आहे, परवाना नको. त्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा दर ठरवला. पण स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली, तर त्या जागेचा जो दर असेल तोच लागू, असं ठेवलं. म्हणजे घरच्या मीटरवर गाडी लावलीत तर घरचा दर. ऐकायला सोयीचं आहे, पण घरच्या दरात टप्पे असतात. घर महिन्याला २०० युनिटं वापरत असेल आणि गाडी महिन्याला ९०० किलोमीटर फिरत असेल, तर एका युनिटाला सहा-सात किलोमीटर या हिशोबाने आणखी दीडशे युनिटं येतात. तुम्ही ३०० च्या टप्प्यापलीकडे जाता आणि वरची युनिटं महाग पडतात. म्हणून ज्यांचं फिरणं जास्त, त्यांना वेगळा मीटर परवडतो. कमी फिरणाऱ्याला घरचाच बरा. हिशोब आधी कागदावर करावा, मग अर्ज करावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले. गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला स्पष्ट मिळाला. नवी जोडणी महानगरात तीन दिवसांत, इतर पालिका क्षेत्रांत सात दिवसांत, ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यावी, अशी मुदतही घातली. कागदावर हे उत्तम आहे. पण मीटर कुठे बसवायचा, वायर कुणाच्या भिंतीवरून न्यायची, हे मात्र नियम ठरवत नाही. ते शेजारी ठरवतात.

आणि इथे आपण मनोरीला परत येतो. गावात तीन प्रकारची घरं धरून चाला.

पहिलं, वाडीतलं किंवा समुद्राकडचं सुटं घर. स्वतःचा मीटर, स्वतःचं अंगण, गाडी दारात. इथे चार्जर बसवायला कुणाची परवानगी नको. अंधेरी-बोरिवलीच्या मोठ्या टॉवरमधल्या माणसाकडे सगळ्या सोयी आहेत, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, पण त्याचा मीटर तळमजल्याच्या मीटर रूममध्ये आणि गाडी तिसऱ्या पोडियमवर. मधली सगळी जागा सोसायटीची. त्याला सभा, ठराव, ना हरकत पत्र. म्हणजे गंमत बघा, शंभर वर्षं जो तारेच्या शेवटच्या टोकाला राहिला, त्याची वाट इथे सोपी आहे. फक्त त्याने दोन गोष्टी जपायच्या. समुद्राकाठची खारी हवा तांबं आणि लोखंड खाते. दहा वर्षांपूर्वी पुरलेलं अर्थिंग वर शाबूत दिसेल, पण जमिनीत क्लॅम्प गंजलेला असेल. चार्जर बसवायच्या आधी अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा, आणि दर पावसाळ्याआधी परत मोजावा. दुसरं, शेवटच्या टोकाला व्होल्टेज कमी पडतं. संध्याकाळी सात ते दहा सगळीकडचे दिवे, पंखे, एसी चालू असतात. त्या वेळी गाडी लावू नये. डब्यात वेळ लावून ठेवायची सोय असते, ती वापरावी.

दुसरं, गावठाणातलं घर. भिंतीला भिंत, गल्ली अशी की दोन माणसं समोरासमोर आली की एकाने बाजूला व्हायचं. इथे चारचाकी दारात येतच नाही. ती चर्चच्या आवाराजवळ किंवा रस्त्याकडेला उभी, मीटर घरात. मधे सार्वजनिक वाट. त्या वाटेवरून वायर टाकणं म्हणजे पावसात शेजाऱ्याच्या पायाखाली वीज टाकणं. हे करू नये, एवढंच सांगतो. गावठाणासाठी उत्तर दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे दुचाकी. मार्वेच्या होडीतूनही दुचाकी पलीकडे जाते, मोटार जात नाही. स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटांची, तिला लागणारी वीज इस्त्रीएवढी, त्यामुळे घरच्या चांगल्या पॉइंटवर भागतं. काढता येणारी बॅटरी घरात आणलीत, तर ती झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ चार्जिंगला लावू नका. दुसरं उत्तर म्हणजे गावाने मिळून एका जागी मीटर घेणं. पाच-सहा घरांनी एक जागा, एक चार्जर आणि त्याचा हिशोब. कोळीवाड्याला हे शिकवायला नको. मासळी वाळवायची जागा, होड्या ओढून लावायचा किनारा, हे सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या वाटूनच वापरत आलं आहे.

तिसरं, नव्या इमारतीतला फ्लॅट. २०१९ मध्ये केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमांत सुधारणा झाली, की नव्या इमारतीत वाहनतळाच्या क्षमतेच्या २० टक्के जागांसाठी चार्जिंगची सोय असावी. फ्लॅट घेताना गच्ची, लिफ्ट, पाणी आपण विचारतो. आता हेही विचारावं: वाहनतळापर्यंत केबल टाकायला वाट ठेवली आहे का, आणि इमारतीचा मंजूर भार किती आहे. ही वाट आज ठेवायला काही हजार लागतील, दहा वर्षांनी फरशी फोडावी लागेल.

शेवटी वेळेचा मुद्दा, आणि मग थांबतो. १९१०च्या दशकात अमेरिकेतल्या वीज कंपन्या विजेच्या ट्रकांच्या मालकांना सांगायच्या, की रात्री चार्ज करा, कारण रात्री वीजघरं रिकामी असतात. आपल्याकडे आजही घरोघरी हेच सांगतात. पण सूर्याची वीज वाढली तसा हिशोब उलटायला लागला आहे. २०२३ मध्ये केंद्राने नियम केला, की वेळेनुसार दर ठरवताना सौर तासांतला, म्हणजे ऊन असतानाचा दर नेहमीपेक्षा कमी ठेवावा. म्हणजे पुढच्या काही वर्षांत स्वस्त वीज रात्रीऐवजी दुपारी मिळेल. मग ज्याची गाडी दिवसा दारात उभी असते त्याचा फायदा, आणि जो सकाळी कामावर जातो त्याला ऑफिसच्या तळघरात चार्जर लागेल. घरच्या चार्जरचा प्रश्न परत घराबाहेर जाईल. ट्रामच्या काळात तो कंपनीकडे होता, आज घरमालकाकडे आहे, उद्या बहुधा दोघांत वाटला जाईल.

एवढं लक्षात ठेवा. चार्जर घेताना दुकानदार किलोवॅट सांगतो, रंग दाखवतो, मोबाइलवरचं अॅप दाखवतो. तुम्ही त्याला चार गोष्टी विचारा: माझा मंजूर भार किती आहे, माझं अर्थिंग मोजलं का, वायर मीटरपासून स्वतंत्र येणार का, आणि ती कुणाच्या जागेतून जाणार. पहिल्या तिघांचं उत्तर वायरमन देईल. चौथ्याचं उत्तर तुम्हाला शेजाऱ्यांशी बोलूनच मिळेल, आणि ते बोलणं चार्जर आणायच्या आधी झालेलं बरं.

ज्यांना स्वतःच्या घराबद्दल विचारायचं आहे त्यांनी मीटरचा आणि बोर्डाचा फोटो समोर ठेवून विचारावं, म्हणजे नेमकं बोलता येईल.